परदेशी राहून छायाचित्रण: सोलापुरातून निघण्यापूर्वीची तयारी आणि तिथल्या पहिल्या वर्षाची आखणी

सोलापुरातून नोकरीसाठी आखातात, जर्मनीत, सिंगापूरला किंवा अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेकांजवळ आता चांगला फोन असतो आणि काहींच्या बॅगेत कॅमेराही असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत भरपूर फोटो निघतात, त्यांतले बरेचसे शहरातल्या त्याच पाच-सहा प्रसिद्ध इमारतींचे असतात, आणि कामाचा रगाडा सुरू झाला की कॅमेरा कपाटात जातो. याचे कारण आळस नव्हे. परदेशी राहणारा माणूस पर्यटकाच्या पद्धतीने फोटो काढू लागतो आणि ती पद्धत चार दिवसांसाठीच असते. पर्यटकाला एक जागा एकदाच दिसते. तुम्हाला तीच गल्ली, तोच पूल आणि तोच बसथांबा सगळ्या ऋतूंत, पगाराच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही दिसणार आहे. या एका गोष्टीचा पुरेपूर उपयोग कसा करावा, हे मनात ठेवून पुढची आखणी केली आहे.

सामान कमीच ठेवा

निघण्याच्या आठवड्यात नवा कॅमेरा विकत घेऊ नये. हातात बसलेला जुना कॅमेरा परदेशातल्या धावपळीत नव्यापेक्षा अधिक कामाला येतो. शिवाय बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते, त्यामुळे दुरुस्तीची सोय कुठे होणार याचा विचार करूनच खरेदीचा देश ठरवावा. एक कॅमेरा, एक साधी लेन्स, दोन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डे आणि धूळ उडवण्यासाठी रबरी ब्लोअर एवढे पहिल्या वर्षाला पुरते. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर) ३५ मिमीची लेन्स ही फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरच्या साधारण ५२ मिमीच्या लेन्सइतके दृश्य टिपते. खोली, रस्ता आणि माणूस या तिन्हींना ती चालते. फोनवरच भागवायचे असेल तर मुख्य लेन्स वापरावी आणि बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी चार पावले पुढे जावे. कॅमेरा असो वा फोन, शक्य असेल तिथे रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती न दाबता ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो साठवावेत, कारण अपुऱ्या उजेडातले चित्र नंतर सुधारायला त्यात वाव मिळतो.

सोलापुरातला सराव

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा याच टप्प्याचा आहे.

आधी प्रकाश समजून घ्यावा. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. अशा उन्हात चेहऱ्याचा फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर पांढरा डाग उमटतो. नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत भर दुपारी दुकानाच्या पडवीत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. त्याच्यावर थेट ऊन नसते, पण समोरच्या तापलेल्या रस्त्यावरून परतलेला उजेड त्याच्या चेहऱ्यावर खालून आणि समोरून मऊपणे पसरलेला असतो. माणसाला पडवीच्या कडेपासून दोन पावले आत, रस्त्याकडे तोंड करून उभे करावे. मागची भिंत आपोआप अंधारते आणि चेहरा उठून दिसतो. दुबई किंवा दोहा येथे उन्हाळ्यात सूर्य असाच उंच असतो, त्यामुळे हा सराव तिथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

जर्मनीला जाणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट सुमारे ४८.८ अंश अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, तर सोलापुरात त्याच दिवशी तो सुमारे ४९ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे डिसेंबरात सोलापूरला सकाळी साडेआठच्या आधी जो तिरपा, लांब सावल्यांचा उजेड असतो, तोच स्टुटगार्टला दिवसभरातला सर्वांत उंच उजेड. तोही ढग नसतील तर. त्यामुळे हिवाळ्यात निघणार असाल तर दोन-चार सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी, भुईकोट किल्ल्याचे बुरूज समोर ठेवून, प्रकाश बाजूने आणि पाठीमागून येत असताना फोटो काढून पाहावेत. भिंतीचा प्रत्येक दगड बाजूच्या प्रकाशात कसा वेगळा होतो आणि सूर्य आपल्या पाठीशी असला की तीच भिंत कशी सपाट दिसते, हे एकदा डोळ्यांत बसले की परदेशातल्या कोणत्याही रस्त्यावर आपण कोणत्या बाजूला उभे राहावे हे पटकन कळते. किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूत तिपाई (ट्रायपॉड) लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून कॅमेरा हातातच ठेवावा.

दुसरा धडा संक्रांतीच्या सुमारास, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत घ्यावा. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत शुभ्र बाराबंदी घातलेले भक्त शेकड्यांनी चालत असतात आणि जानेवारीचे स्वच्छ ऊन त्या पांढऱ्यावर पडलेले असते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. पांढरे जास्त दिसले की कॅमेरा उजेड कमी करतो, आणि बाराबंदी मळकट तर चेहरे काळेठिक्कर येतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय, अधिक ०.७ ते अधिक १ पर्यंत वाढवावे आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा, आलेख उजव्या कडेला आपटत नाही ना, हे पाहावे. आलेख कडेला टेकला तर कापडाच्या घड्या आणि बंदांच्या गाठी कायमच्या पुसल्या जातात. युरोपात किंवा कॅनडात पहिला बर्फ पडेल तेव्हा हेच करायचे असते, फक्त बर्फासाठी अधिक १ ते अधिक २ इतकी वाढ लागते. काळ्या घोंगडीसाठी किंवा नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानासाठी उलट दिशेने, उणे करावे लागते. नंदीध्वजांच्या काठ्या उंच असल्यामुळे त्या चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर वाकवला की आजूबाजूच्या इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीतून, कॅमेरा सरळ धरून काढलेला फोटो ही अडचण टाळतो. परदेशातल्या उंच इमारतींसाठीही हाच उपाय आहे, कारण समोरच्या पार्किंगचा दुसरा-तिसरा मजला बहुधा सगळ्यांना खुला असतो.

तिसरा धडा पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात मिळतो. कारखानदाराची परवानगी घ्यावी, मग मागावर उभ्या असलेल्या कामगाराला वेगळे विचारावे, कारण जागा एकाची असली तरी चेहरा दुसऱ्याचा असतो. आत गेल्यावर लेन्स बदलू नये. हवेत तरंगणारे कापसाचे तंतू सेन्सरवर बसतात. चादरीवर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा खूप वेगवान शटरला जागच्या जागी थांबलेला दिसतो आणि १/१५ सेकंदाला त्याची रेघ होते, तर कामगाराचा स्थिर हात स्पष्ट राहतो. मला दुसरा प्रकार अधिक आवडतो, कारण मागाचा वेग त्यात दिसतो. याच शेडमध्ये दिव्यांचा त्रासही कळतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. अशा दिव्यांत शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवावे. जर्मनी आणि संयुक्त अरब अमिरातीतही ५० हर्ट्झच आहे. अमेरिका आणि सौदी अरेबियात मात्र ६० हर्ट्झ असल्याने तिथे १/६० किंवा १/१२० वापरावे. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० आहे.

विमानतळावर

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवता येत नाहीत. त्या हातातल्या सामानातच, टोकांवर चिकटपट्टी लावून किंवा प्रत्येकी वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची खास परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी २० वॅट-तासांच्या आतच असते. कॅमेरा महागडा असेल तर मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या विमानतळावर मोठी बॅग देण्यापूर्वी सीमाशुल्क कक्षात कॅमेरा दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर वस्तूचा अनुक्रमांक नोंदवला जातो आणि सुट्टीवर परतताना हीच वस्तू परदेशात घेतली असे समजून शुल्क मागितले जात नाही. यासाठी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे लागते. बिलाचा आणि अनुक्रमांकाचा फोटो घरच्या कोणाकडे तरी पाठवून ठेवावा.

ड्रोन मात्र घरीच ठेवलेला बरा. मोरोक्को आणि इजिप्तसारख्या देशांत तो विमानतळावरच अडवला जातो, आणि युरोपीय संघात कॅमेरा बसवलेला ड्रोन अगदी हलका असला तरी उडवणाऱ्याला नोंदणी करावी लागते.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात

प्रथम कॅमेऱ्याचे घड्याळ बदलावे. फोन स्वतःहून वेळ बदलतो, कॅमेरा बहुधा बदलत नाही, आणि मग एकाच संध्याकाळचे दोन उपकरणांतले फोटो काही तासांच्या अंतराने लागतात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे-मागे होतात, त्या दोन्ही दिवशी कॅमेऱ्याचीही वेळ तपासावी. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर केवळ पिनेचा जोड लागतो, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

दमटपणाचा प्रश्न सोलापूरकरांना नवा असतो, कारण आपली हवा कोरडी. आखातात उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच थंड लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसत राहिले तरी पुन्हा धरते. बाहेर पडण्यापूर्वी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच सज्जात किंवा जिन्यात ठेवावा, म्हणजे तो हळूहळू गरम होतो. थंड देशात हेच उलट घडते: बर्फातून ऊबदार घरात येण्यापूर्वी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि घरात आल्यावर तास-दोन तास पिशवी उघडू नये, मेमरी कार्ड आधीच काढून घ्यावे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी. सिंगापूर किंवा मलेशियात राहणार असाल तर लेन्सच्या आत बुरशी धरण्याची भीती खरी असते. हवाबंद डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल घालून लेन्स ठेवावी आणि महिनोन्‌महिने न वापरता पडू देऊ नये.

एक किलोमीटरचा परिसर

घराभोवती साधारण एक किलोमीटरचा परिसर ठरवून घ्यावा आणि पहिले वर्ष मुख्य लक्ष तिथेच द्यावे. सहली होतील, त्यांचे फोटोही निघतील; पण पुढे जे फोटो पाहावेसे वाटतील ते बहुतेक या परिसरातलेच असतील, कारण डोंगर आणि मनोरे यांचे तुमच्यापेक्षा चांगले फोटो आधीच असंख्य लोकांनी काढून ठेवलेले आहेत, तुमच्या इमारतीच्या जिन्याचे कोणीही काढलेले नाहीत.

त्या परिसरातली एक जागा निवडावी, जसे एखादा चौक, पूल किंवा झाड, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच ठिकाणी उभे राहून, त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून एक फोटो काढावा. पाय कुठे ठेवायचे हे फरशीच्या सांध्यावरून किंवा खांबावरून ठरवून मागचा फोटो फोनवर समोर धरावा आणि चौकट जुळवावी. कंटाळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. तो ओलांडला की झाडाची पाने, दुकानाची पाटी, लोकांचे कपडे यांतला बदल दिसू लागतो आणि पुढे डोळे तो बदल स्वतःहून शोधतात.

डिसेंबरात स्टुटगार्टला दिवस सुमारे सव्वाआठ तासांचा असतो, म्हणजे कामाला जाताना अंधार आणि परतताना अंधार. अशा महिन्यांत जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे बाहेर काढावीत, आणि संध्याकाळी दुकानांच्या काचांतून येणारा उजेड वापरावा; ओल्या फरसबंदीवर तो सुंदर उतरतो. जूनमध्ये दिवस सोळा तासांचा होतो. सोलापुरात सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारते, तिथे जूनमध्ये निळसर संधिप्रकाश सुमारे चाळीस मिनिटे टिकतो, त्यामुळे कामावरून येऊन जेवल्यानंतरही फोटो काढायला निघता येते.

स्वतःची खोली विसरू नये. रिकामी खोली, जमिनीवर टाकलेली पहिली गादी, कपडे धुण्याची सामाईक खोली, इंडक्शनच्या शेगडीवरचा आपला कुकर, हे सारे पहिल्याच महिन्यात टिपावे, कारण सवय झाली की ते दिसेनासे होते. सोलापूरहून आलेल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. ताटाचा फोटो वरच्या दिव्याखाली काढला तर चटणीचा लाल सपाट गोळा दिसतो आणि भाकरी पिवळट पुठ्ठ्यासारखी. वरचा दिवा बंद करावा, ताट खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवावे, खिडकी ताटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला राहील असे उभे राहावे आणि समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करून सावली थोडी उजळावी. चटणीतले शेंगदाण्याचे रवाळ कण एकेक दिसतात आणि भाकरीच्या पापुद्र्यावरचे भाजल्याचे डाग उमटतात. दिवा चालू ठेवून खिडकीचाही उजेड घेतला तर दोन रंगांचे प्रकाश मिसळून चित्र बिघडते. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची छटा काढून टाकणाऱ्या सोयीने, एकाच रंगाची दुरुस्ती होते.

माणसे आणि कायदा

पर्यटकाने आगळीक केली तर त्याला बहुधा समज देऊन सोडतात. परदेशी राहणाऱ्याची नोकरी आणि निवासाचा परवाना पणाला लागतो. म्हणून हा भाग मनापासून पाळावा.

जर्मनीत १९०७ पासूनच्या कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारित करता येत नाही. दृश्यात केवळ ओघाने आलेली माणसे किंवा मिरवणुकीतला समुदाय यांचा अपवाद आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या कायद्याने संमतीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून त्याच्या खासगीपणाचा भंग करणे हा तुरुंगवास आणि जबर दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. महिलांचे, कुटुंबांचे, राजवाड्यांचे, लष्करी व सरकारी इमारतींचे फोटो तिथे काढूच नयेत. जपानमध्ये क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येनांचा दंड सांगणाऱ्या पाट्या आहेत. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढण्याला बरेच स्वातंत्र्य आहे, तरी लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावेच. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी रुग्णाचा, त्याच्या खोलीचा किंवा कागदाचा एकही फोटो काढू नये, आणि कारखान्यात वा संगणक कंपनीत काम करणाऱ्यांनी नोकरीच्या करारातली फोटोविषयीची अट आधी वाचावी.

कायद्यापलीकडे, विचारून काढलेला फोटो चांगलाही येतो. तिथल्या भाषेत "मी शेजारीच राहतो, तुमचा एक फोटो काढू का?" हे वाक्य पाठ करावे. त्यातले "शेजारीच राहतो" हे शब्द सर्वांत महत्त्वाचे, कारण समोरच्याला तुम्ही उद्याही दिसणार आहात हे कळते. बेकरीवाला, केस कापणारा, वाणसामानाच्या दुकानातली बाई यांच्याकडे आधी नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून काही आठवडे जावे, मग विचारावे, आणि फोटोची छापील प्रत आठवड्याच्या आत नेऊन द्यावी. नकार आला तर हसून मान्य करावा आणि खरेदी चालू ठेवावी.

साठवण आणि नोंदी

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकारांचा जुना नियम परदेशी राहणाऱ्याला सोपा जातो, कारण दुसरे ठिकाण म्हणजे सोलापूरचे घर. एक प्रत संगणकावर, एक क्लाउडमध्ये, एक हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क सुट्टीत घरी न्यावी. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली तारखेची माहितीही निघून जाते. मूळ फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत ही साठवण समजू नये.

दर रविवारी अर्धा तास काढून आठवड्यातले फोटो निवडावेत, बाकीचे पुसावेत, आणि उरलेल्यांना माणसाचे नाव, जागा व एक वाक्य मराठीत जोडावे. फोल्डरचे नाव वर्ष, महिना आणि ठिकाण या क्रमाने द्यावे. नावे लिहिण्याचा कंटाळा करू नका. सहकाऱ्याचे नाव दोन वर्षांनी आठवत नाही, त्याच्या आईचे तर नाहीच.

सुट्टीवर घरी आल्यावर

सुट्टीचे दिवस लग्नकार्यात आणि गाठीभेटींत जातात, म्हणून दोन कामे आधीच ठरवावीत. पहिले म्हणजे घरातला, गल्लीतला आणि रोजच्या वाटेवरचा एकेक फोटो दर सुट्टीत त्याच जागेवरून काढणे. परदेशातल्या चौकासाठी वापरलेली पद्धत इथेही लागू होते, आणि बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातून किंवा पाडून नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांतून शहर किती बदलते आहे, ते बाहेर राहणाऱ्यालाच अधिक चटकन दिसते.

दुसरे म्हणजे घरातला जुना अल्बम उतरवून घेणे. अल्बम खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवावा, फ्लॅश आणि वरचा दिवा बंद करावा, कॅमेरा फोटोला अगदी समांतर धरावा आणि चकाकी दिसली तर अल्बम थोडा फिरवावा. चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत, पानासह उतरवावेत. मागे काही लिहिलेले असेल तर तीही बाजू टिपावी. मग आई, आजी किंवा आत्याला शेजारी बसवून फोनचे ध्वनिमुद्रण चालू करावे आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, नाते आणि प्रसंग विचारावा. त्या बोलतील तसे बोलू द्यावे, मध्ये दुरुस्त करू नये. ही ध्वनिफीत त्याच फोल्डरमध्ये, फोटोच्याच क्रमांकाने ठेवावी. परत निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या हार्ड डिस्कवर सगळे चढवून, त्यातले दहा-वीस फोटो आणि एखादी ध्वनिफीत उघडून तपासावी, डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि ती कोणत्या कपाटात आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे.